अर्ध्यापर्यंत उचलणारा फळका

१९५४ साल. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. आई चोवीस म्हणायची, पण आईच्या हिशोबात माझं वय लग्नाच्या बोलणीला वेगळं आणि कामाला जुंपायच्या वेळी वेगळं असायचं, म्हणून मी माझंच धरतो.

गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. सगळा मिळून एकच चांदा जिल्हा, आणि त्यात आडवी पसरलेली वैनगंगा. नदीच्या या काठाला ब्रह्मपुरीकडचा धानाचा मुलूख, त्या काठाला हळूहळू जंगल सुरू. आमच्या भागात पूल नव्हता. दोन मोठे डोंगे शेजारी शेजारी बांधायचे, त्यांच्यावर जाड फळ्यांचा पाट ठोकायचा, की झाला जोडडोंगा. माणसं, बैलगाड्या, बकऱ्या, नवरदेव, सरकारी सायबाची जीप, सगळं त्याच्यावर बसून पार व्हायचं. घाट ठेक्यानं दिलेला असायचा. ठेकेदार म्हणेल तो तिथला कायदा.

मी लोहार. शाळा दुसरीपर्यंत. तिसरीच्या मास्तरांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं, आणि दोघांनाही पटलं की हे काही जमायचं नाही. त्यानंतर मोठ्या भावाच्या भट्टीवर भाता ओढत होतो. भाऊ चांगला कारागीर, पण तोंडाचा वाईट. एकदा चार गिऱ्हाइकांसमोर तो म्हणाला, "याले विळे पाजवाच्या पलीकडं काई येत नाई." त्याच दिवशी मी माझ्या वाटणीची ऐरण, हातोडे आणि जुना भाता गाडीत टाकला आणि बायकोला म्हटलं, चल. तिनं कुठे म्हणून विचारलं नाही. जावेच्या हाताखालून निघायचं तर तिला गावाचं नाव लागत नव्हतं.

गाडी चालली तिकडे चाललो आणि घाटावर येऊन थांबलो. पुढे नदी होती म्हणून थांबलो, नाहीतर अजून गेलो असतो. पण जागा पाहिली आणि मन बसलं. दिवसभर गाड्या खोळंबलेल्या. कोणाच्या चाकाची लोखंडी धाव सैल, कोणाच्या बैलाचा नाल पडलेला. लोहाराला आणखी काय पाहिजे? ठेकेदारानं पळसाखाली भट्टी लावायची परवानगी दिली. म्हणजे दिली असं नाही, "पाहू" म्हणाला. त्या "पाहू"वर मी पावसाळा सोडून बाकीचं सगळं वर्ष काढलं.

ठेकेदाराबद्दल सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. माणूस अंगानं भरघोस. डोंग्यावर चढला की नावाडी न बोलता पलीकडच्या बाजूला सरकून उभे राहायचे. वय पन्नाशीच्या पुढे, मिशीला मात्र काळं लावायचा. कोणी "बुढे मालक" म्हटलं की त्याची गाडी सगळ्यात शेवटी चढायची.

डोंगा काठाला लागला की गाडी चढवायला आधी दोन सुट्या फळ्या टाकायचे. आदल्या वर्षी त्यातली एक सरकली आणि धानाची भरलेली गाडी नदीत बसली. बैल वाचले, धान मासोळ्यांनी खाल्लं. म्हणून ठेकेदारानं सुताराकडून ऐनाच्या लाकडाचा एकच अखंड फळका करून घेतला, गाडीच्या रुंदीचा, आणि तो डोंग्याच्या पाटाला दोन लोखंडी कब्ज्यांनी जोडला. पुण्याकडचे लोक ज्याला बिजागरी म्हणतात तो आमचा कब्जा. कब्जे मी केले होते. आजही ते तुटले नसतील, डोंगा सडला असेल.

काठाला लागलं की फळका खाली टाकायचा, गाड्या चढल्या की उचलून उभा करायचा. पण ऐन म्हणजे लाकूड नव्हे, लोखंडाचा चुलतभाऊ. चार माणसं दोराला लोंबकळली तेव्हा कुठे तो फळका उठायचा. एकदा उठवला की ते चौघं बसायचे, विडी काढायचे आणि तीच विडी फिरवत फिरवत संपवायचे. काठावर गाड्यांची रांग, गाडीवाल्यांच्या शिव्या, आणि ठेकेदार आपल्या खाटेवरून ओरडतो आहे.

"अबे, फळका उचलला का पहाड उचलला?"

"मालक," त्यातला एक म्हणाला, "हे उचलाले हत्ती पायजे."

मी तिथेच एका चाकाला धाव चढवत होतो. मला कोणी विचारलं नव्हतं. तरी मी म्हणालो, "हत्ती कायले पायजे? खाली टरकाची कमान बसवली, तं एखादी बाई एका हातानं उचलंल."

चौघांनी विडीवरून माना माझ्याकडे वळवल्या.

"कोणती बाई?" ठेकेदारानं विचारलं.

"कोणतीबी."

ठेकेदार खाटेवर उठून बसला. "आयका रे सगळे. मंडईच्या दिवशी पलीकडं गाड्याच गाड्या जातील. त्या दिवशी हा फळका एका हातानं उठला, तं पळसाखालची जागा तुही. नाई उठला, तं वरोऱ्यावरून कापसाच्या जिनातला मिस्त्री आणतो अन् तुह्या जागी बसवतो. तू आपला भावाकडं जाजो."

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पलीकडच्या गावची मंडई मोठी. म्हणजे दिवस फार नव्हते. संध्याकाळी बायकोनं ताट वाढता वाढता विचारलं, "बाई कोणती ते ठरवलं का?"

"पाहू."

"मीच असन," ती म्हणाली. "अन् नाई उठला तं जावेच्या घरची भांडीबी मीच घासन."

ठेकेदाराचा एक लाकडं वाहायचा टरक नाल्यात पडून गंजत होता. त्याच्या चाकावरच्या कमानी मी काढून आणल्या. टरकाची कमान म्हणजे वाकवलेले लोखंडी पट्टे एकावर एक बांधलेले. दाबले की सरळ होतात, सोडले की परत वाकतात. मी पाटाच्या खाली कमान पक्की केली आणि फळक्याच्या बुडाला, कब्ज्याच्या मागे, हातासारखी एक आखूड लोखंडी दांडी, म्हणजे बाही, काढली. फळका खाली जाताना बाही कमानीला दाबणार. मग कमान आपला राग बाहीवर काढणार आणि फळका वर ढकलणार. माझ्या डोक्यात हे इतकं साफ होतं की मी चाचणी न घेताच गाडीवाल्यांना बोलावलं.

एवढ्या जड फळक्याला एवढी तेवढी कमान काय पुरणार, म्हणून मी सगळे पट्टे ठेवले होते. तर फळका खाली जाईचना. त्या चौघा फळकेवाल्यांपैकी एक त्याच्यावर चढला, फळका हलला नाही. दुसरा चढला, थोडा वाकला. तिसरा चढला तेव्हा फळका काठाला टेकला. आता तो तिथे टेकून राहावा म्हणून ते तिघं टोकावरच ओळीनं बसले, पाय लांब करून, गावच्या पारावर बसावं तसे. एकानं विडी पेटवली.

तेवढ्यात ठेकेदारानं काठावरून त्यातल्या एकाला हाक मारली. "अबे, माहा छाता घेऊन ये."

तो माणूस आज्ञाधारक. उठला आणि काठावर उतरला.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं, तरी मला क्रम सांगता येत नाही. उरलेले दोघं आधी बसलेले होते, मग नव्हते. एक पाटावर धानाच्या तणसाच्या ढिगात उलटा सापडला. दुसरा तणसाला चुकला, पाट ओलांडून पलीकडच्या अंगानं नदीत गेला. पोहत बाहेर आला तेव्हा विडी दातांतच होती. छाता घेऊन परत आलेला तिसरा इकडे तिकडे पाहून विचारत होता, "हे दोघं कुठी गेले?"

मी ठेकेदाराला म्हटलं, "उठला का नाई फळका?"

"फळका उठला," ठेकेदार म्हणाला. "माणसंबी उठली."

त्या दिवसापासून फळकेवाले माझ्या भट्टीवरून जाताना डोक्याला हात लावून, वर आकाशाकडे पाहत जायचे. गाडीवाले विचारायचे, "भाऊ, ब्रह्मपुरीले जाचं हाये. गाडीनं जाऊ का तुह्या फळक्यानं?" मी हसणाऱ्याच्या बैलाला नाल ठोकायचा तर ठोकत होतो, पण बैलाशीच बोलत होतो.

मग पट्टे काढायला लागलो. एक काढला, फळका अजून माणसं उडवायच्या बेतात. आणखी काढले, तर तो काठावर मेल्यासारखा पडून राहिला, चौघांनीच उचलावं लागलं. पट्टे ना जास्त ना कमी ठेवले, तर खालून उठताना कुंथायचा आणि एकदा उठला की असा वेग धरायचा की पाटावर येऊन धाडकन आदळायचा. एकदा पाटावर एक बकरी बांधलेली होती. तिला लागलं नाही, पण त्यानंतर ती डोंग्यावर चढायला तयारच होईना, मालक तिला तिथेच विकून गेला.

मी म्हटलं, लाकूड ओलं आहे. मग म्हटलं, टरकाची कमान विलायती, आपल्या हवेत तिचा स्वभाव बदलतो. मग म्हटलं, नदीचं पाणी उतरलं म्हणून काठ खाली गेला.

बायको तांदूळ निवडत ऐकत होती. "लाकडाची चूक झाली, टरकाची झाली, नदीची झाली," ती म्हणाली. "आता कोणाची राह्यली?"

"सुताराची."

"हव. सुतार राह्यलाच होता."

मंडई अगदी तोंडावर आली आणि मधेच ठेकेदाराच्या नातवाचं बारसं निघालं. सगळ्या घाटाला जेवण. नातू झाला याचा ठेकेदाराला आनंद होता, पण तो आजोबा झाला असं कोणी म्हटलं की त्याचं तोंड आंबट व्हायचं. लोकांनी युक्ती केली होती. "मालक, पोरीले पोरगा झाला, बरं झालं," एवढंच म्हणायचे.

मी पंगतीत बसलो. डोक्यात फळका, हातात भात. समोर ओट्याखाली चटईवर ठेकेदार मांडी घालून बसला होता. मधून मधून तो पंगतीत आग्रह करायला उठायचा. आता त्या देहाला मांडीवरून उठणं म्हणजे काम होतं. तो हात पुढे करायचा आणि जावई हात धरून ओढायचा. जावई ओढतो, ओढतो, लाल होतो. ठेकेदार अर्धा वर येतो. आणि अर्धा वर आला रे आला, की हात झटकून जावयावर खेकसतो, "सोड! मी काय म्हातारा झालो का?" आणि उरलेला अर्धा आपला आपण उठून उभा राहतो, मिशीवर ताव देतो.

माझा घास तोंडापर्यंत आला होता तो तिथेच राहिला.

जड असतं ते खाली असतानाच. अर्ध्यावर आल्यावर माणूस काय, फळका काय, आपल्याच पायांवर जातो. तिथून पुढे ढकलाल तर आदळेल, नाहीतर खेकसेल. मदत खालून द्यायची, भरपूर द्यायची, आणि अर्ध्यावर हात सोडायचा. माझी कमान जावयासारखी ओढत होती, पण सोडत नव्हती.

पण नेमकं कुठे सोडायचं, हे एकदा पाहून कळत नाही. मला त्याला पुन्हा उठताना पाहायचं होतं. तो आग्रहालाच उठत होता, म्हणून मी ओरडलो, "मालक, कढी फार चांगली झाली!"

ठेकेदार खूश झाला. हात पुढे केला, जावयानं ओढलं, अर्ध्यावर "सोड!", आणि स्वतः कढीचं भांडं घेऊन माझ्यापर्यंत आला. मी त्याच्या गुडघ्यांकडे पाहत होतो. तो परत बसला की मी भात मागितला. मग वडे. मग पुन्हा कढी. शेजारचा म्हणाला, "भाऊ, हळू. घरी चूल हाये ना?" मी कमरेचा करदोडा सैल केला आणि पुन्हा भात मागितला. जावई माझ्याकडे असा पाहायला लागला की याला नदीत बुडवावं. शेवटी ठेकेदारच दमला. बसल्या जागेवरून म्हणाला, "याच्यापुढं भांडंच ठेवून द्या रे. अन् याले कोण्या भट्टीची भूक हाये ते पाहा."

तोवर माझं काम झालं होतं. मी पोट धरून घरी गेलो आणि त्या दिवशी वाकून काहीच करता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाही काढली. लाल करून ठोकून तिचं टोक आखूड आणि गोल केलं. आता फळका काठावर असताना बाही कमानीच्या पोटात खोल दाबलेली राहायची, पूर्ण जोर मिळायचा. फळका वर यायला लागला की बाही कमानीवरून घसरत घसरत यायची, आणि अर्ध्यावर आला की सुटायची. तिथून पुढे एका हाताचं काम. लिहायला दोन ओळी लागल्या. करायला मंडईच्या आदल्या दिवसापर्यंत लागलं, कारण बाही कधी लवकर सुटायची, कधी अडकून बसायची, आणि प्रत्येक वेळी मला डोळे मिटून ठेकेदाराचे गुडघे आठवावे लागायचे.

शेवटी बायकोला बोलावलं. तिनं पदर खोचला, एका हातानं फळका धरला आणि उचलला. उठला.

"कसा हाये?" मी विचारलं.

"खालून अजून जड हाये."

"तुले काय कळते कमानीतलं?"

"कमानीतलं नाई. उचलण्यातलं कळते."

ती गेल्यावर मी एक पट्टा वाढवला. तिच्या सांगण्यावरून नाही. माझ्या मनात होतंच. आता फळका इतका हलका झाला की नुसता ठेवला तर आपोआप अर्ध्यावर येऊन थांबायचा. म्हणून काठावर एक खुंटा ठोकला आणि फळक्याच्या टोकाला एक लोखंडी आकडा केला. फळका पायानं खाली दाबायचा आणि आकडा खुंट्याला अडकवायचा. आकडा काढला की फळका वर.

मंडईचा दिवस उजाडला. काठावर गाड्याच गाड्या. बैलांच्या शिंगांना गोंडे, बाया नव्या लुगड्यांत, पोरंसोरं गाड्यांच्या मागे लोंबकळलेली. ठेकेदार धुतलेलं धोतर नेसून आला. मिशी नुकतीच रंगवलेली, ओठालाही थोडं काळं लागलेलं.

पण मंडईच्या गाड्या चढायच्या आधी डोंग्याची पूजा होते. ती सगळ्यात म्हातारा नावाडी सांगतो आणि ठेकेदार करतो. ठेकेदाराला खाली वाकायला त्रास, म्हणून त्याला फळक्यावरच, कब्ज्याच्या अगदी जवळ, बसायचा छोटा पाट टाकून बसवलं. तोंड डोंग्याकडे, पुढ्यात हळद-कुंकू, नारळ आणि पायांना दोर बांधलेली एक कोंबडी. फळक्याच्या पार टोकाला, काठाच्या बाजूला, दोन नावाडी डोंग्याचा दोर हातात धरून उभे होते.

हातात का? तर आमच्या घाटावरची रीत अशी की पूजेच्या वेळी डोंग्याला एकही गाठ ठेवायची नाही. बांधून ठेवलेल्या डोंग्याला नदी ओळख देत नाही म्हणतात. म्हणून सगळे दोर सोडतात आणि पूजा होईपर्यंत हातानं धरून ठेवतात. कोंबडीच्या पायाचा दोरसुद्धा सोडतात. मला ही रीत माहीत होती. आजही म्हणतो, रीत चुकीची नाही.

म्हाताऱ्या नावाड्यानं सगळीकडे फिरून गाठी सोडल्या. कोंबडी सोडली, ती तिथेच बसून राहिली. मग तो खुंट्यापाशी आला, माझ्या आकड्याकडे पाहिलं, मान हलवली आणि आकडा खुंट्यावरून सोडवला.

मी रांगेच्या मागे होतो. मला दिसलं नाही. टोकावर दोन माणसं उभी, त्यांच्या वजनानं फळका जागचा हलला नाही. पूजा झाली. आरती झाली. म्हाताऱ्यानं काठावर नारळ फोडला आणि ओरडला, "परसाद घ्या!"

टोकावरच्या दोघांनी दोर टाकले आणि काठावर उड्या मारल्या.

ठेकेदार तेव्हा मांडी घातलेल्या जागेवरून, सवयीनं, उठायला हात पुढे करत होता. जावई त्या दिवशी नव्हता. हात कोणी धरला नाही. पण फळका त्याच्या पाठीमागून वर यायला लागला. धाडकन नाही. अगदी बेतानं, बुडाखाली हात घालून उठवावं तसा. ठेकेदाराचं बूड वर, गुडघे सरळ, पाय डोंग्याच्या पाटावर. अर्ध्यावर येऊन फळका थांबला आणि ठेकेदार पायांवर उभा होता. त्यानं मागं न पाहता हात झटकला आणि खेकसला, "सोड! मी काय म्हातारा झालो का?"

मग मागं पाहिलं. मागं फळका.

हळद-कुंकवाचं ताट घसरत त्याच्या पायाशी आलं. कोंबडी उडून एका गाडीच्या जुवावर बसली. अख्ख्या काठावर कोणी हसलं नाही. सगळे प्रसादाच्या खोबऱ्याकडे इतकं लक्ष देऊन पाहत होते, जसं खोबरं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. एका बाईला मात्र खोकला लागला, तो थांबेना. ती माझी बायको होती.

"आकडा कोणं काढला?" ठेकेदारानं विचारलं.

"म्या," म्हातारा नावाडी म्हणाला. "गाठ ठेवून पूजा होत नाई मालक."

मला राहवलं नाही. पुढे आलो. "बाबा, ते गाठ नाई. आकडा हाये. दोराची असते ते गाठ."

"बांधलं होतं का नाई?"

"अडकवलं होतं."

"सोडल्यावर सुटलं का नाई?"

"सुटलं."

"मंग गाठच झाली."

काठावर दोन तट पडले. एक गाडीवाला म्हणाला, मंग बैलाच्या मानेशी जुवात अडकवलेली शिवळ काय, तेबी गाठ का? दुसरा म्हणाला, बटन गाठ असते का मग? पूजेच्या वेळी कुडत्याचं बटन सोडाचं का? म्हातारा म्हणाला, "माह्या कुडत्याले बटन नाईच." गाड्या उभ्या, बैल कंटाळलेले, मंडईतले तमासगीर पलीकडे वाट पाहत असतील, आणि इकडे लोखंड गाठ आहे की नाही याच्यावर वाद.

मी ठेकेदाराकडे पाहत होतो. मला माझी जागा दिसत होती, पळसाखालची, आणि तिथे बसलेला वरोऱ्याचा मिस्त्री दिसत होता.

ठेकेदारानं फळक्यावरून नजर काढली. मग माझ्या बायकोकडे वळला. तिचा खोकला एकदम थांबला.

"बाई, हा फळका पूर्ण उभा कर."

ती पाटावर चढली. फळका अर्ध्यावर होताच. तिनं एका हातानं धरला आणि सरळ उभा केला. मग ठेकेदार म्हणाला, खाली कर. तिनं ढकलला, काठाकडच्या टोकावर जाऊन एक पाय दिला, वाकून आकडा अडकवला. मग आकडा सोडला आणि पाटाकडे चालत आली. फळका तिच्यामागे वर आला. ती वळून पुन्हा त्याला उभा करून मोकळी झाली. दुसऱ्या हातात खोबऱ्याचा तुकडा होता, तो तिनं मधेच खाल्ला.

"तुले हे सुचलं कसं?" ठेकेदारानं मला विचारलं. आवाज बारीक होता. त्याचे डोळे माझ्या तोंडावर होते.

"डोकं चालवलं," मी म्हणालो.

"पंगतीत चालवलं का?"

मी वाकून खुंटा हलवून पाहिला. त्यानं मिशीवरून हात फिरवला, बोटाला काळं लागलं, ते धोतराला पुसलं.

"चढवा गाड्या," तो ओरडला. आणि मग माझ्याकडे न पाहता, "तू इथीच राहजो. पण पुढच्या पूजेले माहा पाट काठावर टाकाचा."

त्या दिवशी गाड्या गेल्या त्या मोजल्या नाहीत. फळकेवाले चौघं दिवसभर डोंगा ओढत होते, आणि विडीला वेळ मिळत नाही म्हणून माझ्या नावानं बोटं मोडत होते. ज्यानं विचारलं त्याला मी सांगितलं की फळका माझा आहे. ज्यानं विचारलं नाही त्यालाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो आणि कुदळ घेऊन पळसाखाली खड्डा खणायला लागलो. राहणारा लोहार ऐरणीचा ठोकळा जमिनीत पुरतो. हलणारा नुसता ठेवतो. माझा तोवर नुसता ठेवलेला होता.

बायको घागर घेऊन नदीकडे निघाली होती. थांबून तिनं पाहिलं.

"इथी कायले? पावसाळ्यात इथवर पाणी येते. वर, त्या मोहाजवळ खणा."

तिचं म्हणणं बरोबर होतं. पण खड्डा गुडघाभर झाला होता. मी खणत राहिलो, ठोकळा उतरवला, भोवती मुरूम ठासला, वर ऐरण बसवली, आणि तिला ऐकू जाईल असा पहिला घाव घातला.